स्टेट पार्कमधला पहिला मुक्काम : आधी रात्रीचा विचार करा

कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर आमचा कॅम्पिंगचा पहिला बेत ठरला, तेव्हा आठवडाभर घरात एकच चर्चा होती : ट्रेल कुठला करायचा. झोपायचं कसं, हा विषय कोणी काढलाच नाही. ऑगस्टचा महिना होता, दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. म्हणून चार पातळ चादरी आणि पाहुण्यांसाठी घेतलेली हवेची गादी गाडीत टाकली आणि निघालो. पहाटे दोन वाजता चौघंही जागे होतो. समुद्रावरून आलेलं धुकं झाडांवरून टपटप गळत होतं आणि धाकटी मुलगी गाडीत हीटर लावून बसली होती. त्या रात्रीपासून मी प्रत्येक मुक्कामाचा बेत उलटा आखते. आधी रात्र, मग दिवस. दिवस जंगलात कसाही छान जातो. बिघडते ती रात्र, आणि एक रात्र बिघडली की घरातलं कोणीतरी ‘पुन्हा नको’ म्हणतं.

पुढचं सगळं मी बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोभोवतालचा भाग) आणि त्याच्या दक्षिणेच्या सांताक्रूझच्या डोंगरांच्या अनुभवावरून लिहिते आहे, कारण तेच मला नीट माहीत आहे. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर बुकिंगचे नियम तिथले बघा. बाकीची तयारी फारशी बदलत नाही.

स्टेट पार्कच का?

योसेमिटी किंवा यलोस्टोन ही नॅशनल पार्क केंद्र सरकारची, तर स्टेट पार्क त्या त्या राज्याची. दोन्हींचं बुकिंग वेगळ्या संकेतस्थळांवर होतं, आणि नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कच्या गेटवर चालत नाही. हा घोळ नवीन लोकांकडून हमखास होतो. एकट्या कॅलिफोर्नियात अशी सुमारे २८० ठिकाणं आहेत. त्यांतलं सगळ्यात जुनं बिग बेसिन, १९०२ सालचं.

नवशिक्यांसाठी स्टेट पार्क सोयीचं, कारण ते घराजवळ सापडतं आणि गाडी तंबूशेजारीच उभी करता येते. प्रत्येक जागेवर, म्हणजे साइटवर, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं. बहुतेक मोठ्या कॅम्पग्राउंडवर पिण्याच्या पाण्याचे नळ आणि फ्लशचे संडास असतात, कित्येक ठिकाणी गरम पाण्याची अंघोळही होते. काही विसरलात तर अर्ध्या तासावर दुकान सापडतं. पाठीवर सामान घेऊन दूर जंगलात मुक्काम करणं हा वेगळा प्रकार आहे. त्याचा मोह पहिल्या वर्षी टाळा.

पार्क कुठलं निवडायचं

घरापासून दीड तासाच्या आतलं, एवढा एकच निकष पहिल्या वेळी ठेवा. सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्यांना मी डोळे झाकून फेल्टनजवळचं हेन्री कॉवेल रेडवूड्स सुचवते. रेडवूड म्हणजे इथलं महाकाय सूचिपर्णी झाड. तिथल्या सर्वांत उंच रेडवूडची उंची सुमारे २७७ फूट आणि वय अंदाजे १५०० वर्षं आहे. या जुन्या झाडांमधली फेरी एका मैलापेक्षाही लहान आणि सपाट आहे, त्यामुळे आजी-आजोबा आणि बाबागाडी दोघांनाही जमते. शेजारीच रोअरिंग कँपची वाफेच्या इंजिनाची गाडी आहे. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा : या पार्कचं कॅम्पग्राउंड मुख्य प्रवेशद्वारापाशी नाही, वेगळ्या रस्त्यावर आहे. बरेच जण चुकीच्या गेटवर पोचतात.

शांतता हवी असेल तर पोर्टोला किंवा ब्युटानो. तिथे फोनला सिग्नल मिळेल असं धरून चालू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि बुकिंगचा कागद छापून न्या. समुद्र हवा असेल तर सांताक्रूझजवळ न्यू ब्रायटन आणि सनसेट हे दोन किनारे आहेत. गोल्डन गेटच्या पलीकडे राहणाऱ्यांसाठी सॅम्युएल पी. टेलर.

बिग बेसिनचं नाव अजूनही जुन्या याद्यांत पहिलं असतं. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात ते जवळजवळ सगळं जळलं, इमारतीही गेल्या. २०२२ पासून दिवसा बघण्यासाठी ते उघडलं आहे, त्यामुळे हेन्री कॉवेलला मुक्काम असेल तर एक दिवस तिकडे जरूर जा (गाडीसाठी जागा आधी राखून ठेवलेली बरी). कोळसा झालेल्या बुंध्यांना तळापासून शेंड्यापर्यंत हिरवी पालवी फुटलेली मी पाहिली, आणि बराच वेळ आमच्यापैकी कोणीच बोललं नाही.

किती रात्री?

दोन. सगळे सांगतात एक रात्र करून बघा, माझं मत वेगळं आहे. एक रात्र म्हणजे आदल्या दुपारी तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत उपटायचा. मधे जंगल बघायला वेळच उरत नाही. शिवाय पहिल्या रात्री नवीन आवाजांनी कोणालाच नीट झोप लागत नाही. दुसऱ्या रात्री मुलं आठ वाजताच पेंगतात आणि मोठ्यांना शेकोटीपाशी दोन तास निवांत मिळतात. आपण तेवढ्यासाठीच तर आलेलो असतो. एका रात्रीची रंगीत तालीम करायचीच असेल तर ती घरामागच्या अंगणात करा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर दिवाणखान्यात तंबू उभारून मुलांना त्यात झोपवा.

बुकिंग

कॅलिफोर्नियाचं बुकिंग रिझर्व्हकॅलिफोर्निया या संकेतस्थळावर होतं. खिडकी साधारण सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता उघडते. म्हणजे १४ ऑगस्टला पोचायचं असेल तर १४ फेब्रुवारीला सकाळी आठला संगणकासमोर बसायचं. उन्हाळ्यातले शुक्रवार-शनिवार काही मिनिटांत संपतात, म्हणून आदल्या रात्रीच खातं उघडून, साइटचे दोन-तीन क्रमांक लिहून तयार राहा. न्यूयॉर्कमध्ये हीच खिडकी नऊ महिन्यांची आहे, टेक्ससमध्ये पाच.

सहा महिने आधी काही ठरवणं आपल्याला जमत नाही, हे मला मान्य आहे. त्यावर दोन उपाय आहेत. एक, रविवार ते गुरुवारच्या रात्री घ्या. शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यातही त्या मिळून जातात. दुसरा उपाय म्हणजे रद्द झालेल्या जागा. ठरलेल्या तारखेच्या आधीच्या दोन आठवड्यांत त्या सुटत राहतात, आणि संकेतस्थळावर सूचना मागवण्याची सोय आहे. तुमचंही जायचं रद्द झालं तर लगेच कळवा, कोणाला तरी ती जागा हवी असते.

एका साइटवर साधारण आठ माणसं चालतात. दुसऱ्या गाडीचे वेगळे पैसे पडतात. भाडं बऱ्याच ठिकाणी रात्रीला ३५ डॉलरच्या आसपास असतं. मंडळातली चार-पाच कुटुंबं मिळून जाणार असाल तर ग्रुप साइट बघा. शेजारशेजारच्या पाच साइट पकडण्यापेक्षा ते सोपं पडतं.

साइटचा क्रमांक निवडताना

नकाशावर आधी संडास शोधा. त्याला अगदी खेटून असलेली साइट घेऊ नका. रात्रभर तिथला दिवा डोळ्यावर येतो आणि दाराचा आवाज होत राहतो. मुलांना किंवा वयस्कांना रात्री चालत जाता येईल इतपत जवळ, मधे दोन-तीन साइट सोडून, ही जागा उत्तम. लूपच्या, म्हणजे साइटना वळसा घालणाऱ्या रस्त्याच्या, तोंडाशी असलेल्या साइटसमोरून प्रत्येक गाडी जाते, ती टाळा. चित्रांत तंबूची जागा सपाट दिसते का तेही बघा.

भारतातून आई-बाबा आले असतील तर जमिनीवर झोपवण्याचा आग्रह नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तंबूतून रात्री वाकून बाहेर पडणं हीच मोठी परीक्षा असते. सॅम्युएल पी. टेलरला लाकडी केबिन आहेत, बोथ-नापा व्हॅलीला केबिन आणि यर्ट आहेत. यर्ट म्हणजे कापडी गोल घर. केबिन नाही मिळाली तर घडीची खाट, हात टेकायला दांडे असलेली खुर्ची आणि उभं राहता येईल एवढा उंच तंबू न्या. माझे सासरे सत्तरीत होते तेव्हा या तीन गोष्टींवर दोन रात्री आनंदाने राहिले आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहाचं आधण ठेवून बसले.

झोपेची तयारी : इथे पैसे आणि वेळ खर्च करा

किनाऱ्याजवळच्या डोंगरांत भर उन्हाळ्यातही रात्री तापमान ५० फॅरेनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या आसपास उतरू शकतं. दिवसा ८० असतं म्हणून फसायला होतं.

थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते. जमीन अंगातली ऊब शोषून घेते. स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग चपटा होतो आणि त्याचा काही उपयोग राहत नाही. पाहुण्यांसाठीची हवेची गादी तर आणखी वाईट, कारण तिच्या आतली हवा खेळत राहते आणि ऊब जमिनीकडे नेते. आमची पहिली रात्र तिनेच घालवली. त्यामुळे अंथरूण आधी विकत घ्या, पांघरूण नंतर. कॅम्पिंगच्या गादीवर ‘आर व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो, गादी ऊब किती धरून ठेवते ते सांगणारा. तो ३ च्या वर असला की उन्हाळ्याची काळजी मिटते. हवेची गादीच न्यायची असेल तर तिच्यावर फोमचा पत्रा किंवा जाड गोधडी अंथरा. आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी आमच्याबरोबर प्रत्येक मुक्कामाला येते, आणि ती नेहमी अंगाखालीच असते.

स्लीपिंग बॅगवरचा तापमानाचा आकडा आरामाचा नसतो, जेमतेम निभावण्याचा असतो. रात्री ४५ फॅरेनहाइट अपेक्षित असेल तर ३० किंवा त्याखालची बॅग घ्या. झोपताना दिवसाचे कपडे बदला, कारण त्यांत घामाचा ओलावा असतो. कोरडे मोजे आणि कानटोपी घाला. गरम पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून मुलांच्या पायाशी ठेवलं तर ती लगेच झोपतात.

तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेली माणसं. चौघांच्या घराला सहा जणांचा तंबू लागतो. पहिल्या वेळी हे सगळं विकत घेऊ नका. मित्रांकडून मागून आणा, किंवा आरईआयसारख्या दुकानांतून भाड्याने घ्या.

पोचल्यावर

साइट बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला ताब्यात मिळते. तीनपर्यंत पोचाच. रेडवूडच्या दरीत सूर्य लवकर मावळतो, आणि अंधारात तंबू उभारणं म्हणजे घरातल्या दोन माणसांचं भांडण ठरलेलं.

तंबू ठोकण्याआधी वर बघा. डोक्यावर वाळकी, लोंबकळणारी फांदी असेल तर जागा बदला. मग खडे वेचा, आणि खालचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर येणार नाही असं दुमडून घाला, नाहीतर गळणारं पाणी त्यावर साचून तंबूखाली जातं. मेखा तिरप्या ठोका, डोकं तंबूपासून दूर झुकलेलं. आभाळ निरभ्र असलं तरी वरचं छत, म्हणजे रेनफ्लाय, चढवा, कारण धुकं झाडांवरून पावसासारखं गळतं. आणि वरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ आतून पाणी होऊन टपकेल. प्रत्येकाला एक हेडलॅम्प, मुलांनासुद्धा. हात मोकळे राहिले की संडासची फेरी सोपी होते.

स्वयंपाक

दोन बर्नरची शेगडी आणि एक पौंडाच्या प्रोपेनच्या दोन बाटल्या दोन रात्रींना पुरतात. आपल्याकडच्या तीन लिटरच्या कुकरला ही शेगडी उत्तम चालते. फक्त वाऱ्याची बाजू आडोसा लावून झाका.

घरी करून ठेवता येईल तेवढं घरीच करा. पहिल्या रात्री काहीही शिजवायचं नाही : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. उपम्यासाठी रवा फोडणी घालून भाजून पिशवीत भरा, तिथे फक्त उकळतं पाणी ओतायचं. दुसऱ्या सकाळी दडपे पोहे, ज्यांना विस्तवही लागत नाही. कांदा-खोबरं कालवून तासभर दडपून ठेवले की सगळे फिरून येईपर्यंत तयार. दुसऱ्या रात्री मुगाची खिचडी, आणि तिच्याबरोबर शेकोटीच्या निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. गॅसवरच्या भरताला ती चव येत नाही. आलं घरूनच किसून न्या, चहा लागतो तेव्हा अंधार आणि थंडी असते.

शेगडी किंवा निखारे तंबूच्या आत कधीही नेऊ नका, थंडीने कितीही काकडलात तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावतो.

एक शीतही खाली नको

सांताक्रूझच्या डोंगरांतल्या पार्कमध्ये ‘क्रंब क्लीन’ असे फलक दिसतील. म्हणजे अन्नाचा कणही मागे ठेवू नका. नेहमीच्या स्वच्छतेपलीकडे त्याला एक कारण आहे, आणि ते कळल्यापासून मी टेबलाखाली वाकून कण वेचते.

मार्बल्ड मरलेट हा समुद्रावर मासे खाऊन जगणारा लहान पक्षी. अंडं घालायला मात्र तो मैलोन्‌मैल आत जुन्या जंगलात येतो, आणि उंच झाडाच्या शेवाळलेल्या रुंद फांदीवर एकच अंडं घालतो. त्याचं घरटं इतकं गुप्त, की इथे ते पहिल्यांदा सापडलं १९७४ मध्ये, बिग बेसिनमध्ये. आता हा पक्षी फार थोडा उरला आहे. त्याचं अंडं पळवणाऱ्यांत स्टेलर्स जे हा निळा, तुरेवाला पक्षी आणि डोमकावळा पुढे असतात. माणसांनी सांडलेल्या अन्नावर हे दोघे वाढतात. कॅम्पग्राउंडभोवती त्यांची गर्दी होते, आणि मग वरच्या फांद्यांची झडती सुरू होते.

आपल्या हातून हे होण्याची शक्यता जास्त, कारण आपण पोहे, भात, शेव, चिवडा असं कण सांडणारंच खातो. शिवाय पाखरांना दाणे टाकणं, कावळ्याला घास ठेवणं हे आपल्याला पुण्याचं काम म्हणून शिकवलेलं असतं. हा संस्कार चांगला आहे, पण या जंगलात तो घरी ठेवून यावा लागतो. मुलांना मी मरलेटची गोष्ट आधीच सांगते, मग तीच पहारा करतात. टेबलावर मोठं जुनं कापड पसरा आणि जेवण झाल्यावर ते गोळा करून कचरापेटीत झटका. तांदूळ घरूनच धुऊन, वाळवून न्या. खरकटी भांडी नळाखाली धुवायची नाहीत, तिथल्या सोयीप्रमाणे घाण पाणी ठरलेल्या जागीच ओतायचं.

रात्री सगळं अन्न, टूथपेस्टसुद्धा, साइटवरच्या लोखंडी पेटीत किंवा बंद गाडीत ठेवा. रकून झिप उघडतात, पिशव्या फाडतात. सिएरा नेवाडातल्या पार्कमध्ये, उदाहरणार्थ कॅलव्हेरस बिग ट्रीजला, अस्वलं असतात. तिथे अन्न गाडीतही ठेवू नका, पेटीतच ठेवा. तंबूत बिस्किटाचा पुडादेखील नको.

शेकोटी

निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या पानावर आगीवर बंदी आहे का बघा. उन्हाळ्याच्या शेवटी ती बऱ्याचदा असते. लाकूड घरून नेऊ नका, त्यातून कीड आणि झाडांचे रोग नवीन जंगलात पोचतात. पडलेल्या काटक्या गोळा करायलाही परवानगी नसते. कॅम्प होस्टकडे मोळ्या विकत मिळतात. होस्ट म्हणजे तिथेच ट्रेलरमध्ये राहणारे स्वयंसेवक. पोचल्यावर त्यांना भेटा, अडलं-नडलं की तेच धावून येतात.

विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताला राख गार लागली की मगच झोपायला जा. शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. भेंड्या रंगल्या असल्या तरी दहाला थांबवा. स्पीकर तर आणूच नका.

बिब्ब्याचा भाऊबंद

पायवाटेच्या कडेला तीन-तीन पानांचं, चकाकणारं, शरद ऋतूत लालभडक होणारं झुडूप दिसलं तर हात लावू नका. ते पॉइझन ओक. ते बिब्बा, काजू आणि आंब्याच्याच कुळातलं, आणि त्याच्या चिकाने अंग तसंच उततं. ज्यांना आंब्याचा चीक बाधतो त्यांनी विशेष जपावं. चीक कपड्यांना आणि बुटांच्या नाड्यांना चिकटून राहतो, म्हणून लागल्याची शंका आली तर साबण आणि थंड पाण्याने लगेच धुवा. गवतातून चालताना लांब पँट घाला, आणि संध्याकाळी मुलांच्या गुडघ्यामागे, कानामागे गोचीड आहे का बघा.

दिवसाचा बेत मी मुद्दाम थोडक्यात सांगते : सकाळी एक छोटा ट्रेल, दुपारी झोप किंवा ओढ्यात पाय, बास. मुलांना पिवळी बनाना स्लग, म्हणजे शंख नसलेली गोगलगाय, शोधायला लावा, ओल्या पालापाचोळ्यात ती सापडते. कुत्रा बरोबर असेल तर लक्षात ठेवा, कॅम्पग्राउंडवर तो पट्ट्याला बांधून चालतो, पण कॅलिफोर्नियाच्या बहुतेक स्टेट पार्कमध्ये मातीच्या पायवाटांवर नाही.

निघायच्या सकाळी तंबू धुक्याने ओला असणार, आणि बाराच्या आत जागा सोडायची घाई असणार. तसाच गुंडाळून आणलात तरी चालेल, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी तो गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये पसरा. दुसऱ्या दिवशी उलटा करून पुन्हा वाळवा. शिवणीला हात लावून ओल नाही ना बघा आणि मगच पिशवीत भरा. गोधडीला एक दिवस कडक ऊन द्या. आणि काय विसरलं, काय उगाच नेलं, हे त्याच संध्याकाळी कागदावर लिहून तो कागद तंबूच्या पिशवीत टाकून ठेवा.